तिसरी ओंजळ

नर्मदेकाठच्या हिंदीभाषक शहरात, रांझीच्या बाजारात शिंप्याच्या दुकानाला लागून गौतम खोब्रागडेचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या अर्जाचे फोटो, लग्नाच्या बायोडेटासाठी मुलीला स्टुलावर जरा तिरपं बसवून काढलेले फोटो, सगळं तिथं होतं. गौतमचे वडील भंडाऱ्याहून येऊन इथल्या वाहन कारखान्यात लागले होते. पोरगाही तिथंच चिकटावा म्हणून त्यांनी बरेच उंबरे झिजवले. पण भरतीच निघेना, आणि तोवर मामानं दिलेला जुना कॅमेरा गौतमच्या हातात बसला होता. तो मग सुटला नाही.

त्याचं आणखी एक काम होतं. ते वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडावर कुणी विषय काढत नसे. नर्मदेत कुणी बुडालं, प्रेत वर आलं आणि पंचनाम्याला फोटो हवे झाले, की नदीकाठच्या ठाण्यातून गौतमला फोन येई. आधी या कामाला जाणारा म्हातारा फोटोग्राफर अंथरुणाला खिळला, म्हणून त्याच्या जागी एकदा गौतम गेला. ठाण्याला नाही म्हणणं जमलं नाही. एकदाचं दोनदा झालं, आणि पाहता पाहता उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली.

हवालदार आलोक तिवारी नाकाला रुमाल लावून दूर उभा राहायचा आणि म्हणायचा, "गौतम भैया, चेहरा साफ आना चाहिए." चेहरा बहुतेक वेळा साफ येण्यासारखा उरलेलाच नसे. मग गौतम आपल्या मनानं इतर फोटो काढी. हाताचा पंजा, कानाची पाळी, पायाची बोटं. एकदा ठाण्याच्या पायरीवर एका म्हाताऱ्यानं मुलीच्या चेहऱ्याचा फोटो पाहिला आणि तो जागीच कोसळला. तेव्हापासून गौतमनं ठरवून टाकलं, की घरच्या माणसाला आधी पाय दाखवायचे.

अशा कामावरून तो परतला की शकु, त्याची बायको, काही विचारत नसे. मागच्या अंगणात बादली भरून ठेवलेली असायची. गौतम कपडे काढून दगडावर बसायचा आणि ती तांब्यानं त्याच्या डोक्यावरून पाणी ओतायची. हिवाळा असो की काही असो, पाणी गारच. गरम पाण्यानं तो वास जात नाही, असं तिचं म्हणणं होतं.

अशाच एका संध्याकाळी त्याची लेक वैष्णवी, तेव्हा ती शाळकरी होती, ओट्यावर ठेवलेल्या फ्लॅशशी खेळत बसली होती. अंगणातला दिवा गेलेला, सगळा अंधार. शकुनं तांब्या उपडा केला आणि त्याच क्षणी वैष्णवीनं फ्लॅशचं बटण दाबलं. लख्ख झालं. गौतमच्या डोळ्यांसमोर पाणी हवेत थांबलेलं होतं. त्याचा प्रत्येक थेंब वेगळा, काठ धारदार, मध्ये काचेसारखा पापुद्रा. दुसऱ्या क्षणी अंधार झाला आणि पाणी खांद्यावर आदळलं.

"पुन्हा दाब," तो म्हणाला.

वैष्णवी घाबरली होती. "पप्पा, सॉरी."

"अगं दाब तर. शकु, तू पाणी फेक. माझ्यावर नको, तिकडे, वर."

त्या दिवसापासून ते वेड लागलं. अंगणाच्या भिंतीवर काळी चादर टांगायची, स्टँडवर कॅमेरा, आणि फ्लॅश मात्र कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला, जरा मागून. समोरून उजेड टाकला की पाणी पांढरं आणि सपाट दिसतं, बाजूनं टाकला की त्याला अंग येतं, हे त्याला पहिल्या आठवड्यातच उमगलं. फ्लॅशची ताकद जितकी कमी ठेवावी तितका त्याचा लखलखाट आखूड होतो आणि पाणी जागच्या जागी थिजतं, हे समजायला बरेच महिने लागले. शकु पाणी फेकायची. कधी तांब्यानं, कधी परातीनं, कधी नुसत्या हातानं. "अजून एकदा," गौतम म्हणायचा. "आता शेवटचं." मग पुन्हा, "अजून एकदा." शेजारचे म्हणत, खोब्रागडेच्या घरी रोज होळी असते. शकु भिजून चिंब व्हायची आणि हसायची. मग हातातला तांब्या ठेवून विचारायची, "तुम्ही पाणीच काहून काढता हो? पाखरं काढा, झाडं काढा."

नदीवर तो जे पाहून येई ते पाणी काळं, जड, निपचित असायचं. हे पाणी उडत होतं. पण हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं, आणि शकुला सांगितलं असतं तर ती हसायची थांबली असती.

चांगले उतरलेले फोटो त्यानं मोठे करून स्टुडिओच्या भिंतीवर लावले. लोक येत, पाहत, म्हणत, "कंप्युटर पे बनाया क्या?" गौतम मान हलवून पुढच्या गिऱ्हाईकाला स्टुलावर बसवी. वैष्णवी मोठी झाली आणि नर्सिंग शिकायला नागपूरला गेली. ठाण्याचे फोनही हळूहळू कमी झाले, कारण आता शिपाईच मोबाइलवर फोटो काढू लागले होते. घरात शांतता होती आणि गौतमला वाटू लागलं होतं, की त्या कामातून आपण आता सुटलो.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी एक बाई स्टुडिओच्या दारात येऊन उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली, काठाचं सुती लुगडं, पायांवर बसच्या प्रवासाची धूळ, खांद्याला कापडी पिशवी. तिनं हिंदीतच विचारलं, "थाने की फोटो निकालनेवाले आपही हो क्या भैया?"

हिंदीचा तो सूर ऐकूनच गौतमनं ओळखलं. "तुम्ही मराठी होय का ताई?"

बाईचा चेहरा एकदम सैलावला. रडू येईल की काय असं वाटलं, पण तिनं स्वतःला सावरलं. "हाव भाऊ. आम्ही डाखोळे. मूळचे काटोलकडचे. आमचे हे इथं जवळ पाटनला कालव्यावर, नहरावर चौकीदार होते, तवापासून तिथंच. माझं नाव अनसूया." ती बाकावर टेकली. "ठाण्यातल्या साहेबानं धाडलं. म्हणे फायलीतले फोटो काळे पडले, त्यात काही दिसत नाही. तुमच्याजवळ मूळ असतीन म्हणे."

गौतमनं शटर अर्धं खाली ओढलं. तिला पाणी दिलं. मग विचारलं, "कोण आहे तुमचं?"

"पोट्टा. बंटी." तिनं पेला हातातच धरला होता, प्यायली नव्हती. "बापाशी भांडून गेला घरून. कॉलेज सोडतो म्हणे, पुण्याले जातो कंपनीत. बाप म्हणे, गेला तर परत येऊ नको. गेला. फोन बंद. आम्हाला वाटे, रागात आहे, येईन. सणाले येईन, मग वाटे पुढच्या सणाले. त्याच्या बापाले झटका आला, अंग गेलं एका बाजूचं, तरी हा नाही आला. तेव्हा मात्र माझं मन खाऊ लागलं. रिपोट केली. आता पाटनच्या ठाण्यात एक पोरगी आहे नवीन, तिनं मशिनीत पाहिलं, म्हणे मागच्या वर्षी पितरांच्या दिवसात तिलवाऱ्याच्या घाटाले एक सापडलं होतं. वय जुळते."

गौतमला ते प्रेत आठवलं. त्याला सगळीच आठवत. पुलाच्या खालच्या अंगाला, झुडपात अडकलेलं. निळा शर्ट.

तो आत गेला, कंप्युटर लावला. बाईला खुर्ची दिली आणि पडदा आपल्याकडे वळवून ठेवला. शोधायला वेळ लागला नाही, तरी तो उगाच इकडे तिकडे शोधत राहिला. शेवटी त्यानं पडदा वळवला. त्यावर फक्त दोन पाय होते, ओल्या वाळूवर.

अनसूयाबाई पुढे वाकल्या. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. त्यांनी ते काचेवरून हलकेच दाबलं, जणू बोट खाली बसवायचं होतं.

"याच्या बापाचं असंच आहे," त्या म्हणाल्या. "लहानपणी मी रोज ओढे. म्हणे, माय, दुखते."

शेजारी शिंप्याचं मशिन खडखडत होतं. गौतमनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"तोंड?" त्यांनी विचारलं.

"तोंडाचा नाही ताई," गौतम म्हणाला. "तो फोटो खराब झाला. फाईलच उघडत नाही."

अनसूयाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही खोटं बोलून राहिले भाऊ," त्या म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसलं. "बोला. बरं आहे तेच."

गौतमनं पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला.

"पडला असन का? का मुद्दाम..." त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं.

"पोलिसांनाही कळलं नाही ताई. कुणालाच कळलं नाही."

त्या उठल्या. बाहेरच्या खोलीत आल्या तेव्हा पहिल्यांदाच त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. एका चौकटीत पाण्याचा मुकुट उसळलेला, दुसरीत परातीतून निसटलेली लांब धार, तिसरीत काळ्या अंधारात नुसते थेंब, चांदण्या विखुरल्यासारखे.

"हे काय होय?"

"पाणी आहे. रात्री काढलंय, फ्लॅश लावून."

"कुठलं पाणी?" त्यांनी चटकन विचारलं.

"घरचं, ताई. नळाचं. माझी बायको फेकते."

त्या जवळ गेल्या. नाक काचेला लागेल इतक्या जवळ. "पाण्यात पडल्यावर माणसाला आतून असंच दिसत असन का?" त्यांनी विचारलं. त्या रागानं बोलत नव्हत्या, टोमणाही नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

इतक्या वर्षांत त्या फोटोंविषयी त्याला लोकांनी नाना प्रश्न विचारले होते, पण हा नाही. आपण या भिंतीवर काय टांगून ठेवलंय, हे तोही नव्यानं पाहू लागला. "नाही ताई," तो कसाबसा म्हणाला. "आत अंधारच असतो."

आत अंधार असतो की उजेड, हे त्याला तरी कुठं माहीत होतं.

अनसूयाबाईंना एकटं परत ठाण्यात पाठवायचं गौतमच्या जिवावर आलं. त्यानं स्टुडिओ बंद केला, कॅमेऱ्याची बॅग सवयीनं खांद्याला अडकवली आणि त्यांना स्कूटरवर मागं बसवलं. सारं शहर ओलांडून ते ठाण्यात पोचले. तिवारी हवालदार आता पिकला होता. त्यानं कागद पुढे केले, कुठं अंगठा, कुठं सही ते दाखवलं आणि हळू आवाजात सांगितलं, की बेवारस म्हणून तेव्हाच एका संस्थेच्या लोकांनी अग्नी दिला होता. "राख भी नर्मदा जी में ही गई, माताजी. अच्छे से किया था सब." अनसूयाबाईंनी त्याला हात जोडले. अंगावरच्या वस्तूंत काही उरलंय का, असं त्यांनी विचारलं. काही नव्हतं.

ठाण्यातून बाहेर येईतो ऊन उतरलं होतं.

"जिथं सापडला तिथं न्याल मले?"

तिलवाऱ्याच्या घाटावर त्या वेळी फारसं कुणी नव्हतं. पुलावरून ट्रक जात होते, त्यांचे दिवे पाण्यात लांबट होऊन थरथरत होते. एक नावाडी नाव बांधून बिडी ओढत बसला होता. गौतमनं लांबूनच झुडपाची जागा दाखवली. तिथं आता झुडूपही नव्हतं, पूर येऊन गेला होता. अनसूयाबाईंनी बराच वेळ त्या मोकळ्या काठाकडे पाहिलं, मग पिशवीतून कागदाची पुडी काढली. काळे तीळ होते. म्हणजे घरून निघतानाच त्यांनी ते सोबत घेतले होते.

"हे बायांचं काम नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण करणारा कोण आहे? बाप उठू शकत नाही." मग थांबून विचारलं, "तुमच्यात करतात का असं?"

"नाही ताई. आम्ही विहारात जातो."

"पण फोटो काढायले तर चालते ना?"

गौतमला आधी समजलंच नाही.

"ह्यांना दाखवायले," त्या म्हणाल्या. "मी गेली आणि पोट्ट्याले पाणी देऊन आली, हे त्यांना पटलं पाहिजे. नुसतं सांगितलं तर म्हणतीन, तू खोटं बोलतं, तो पुण्याले आहे. तुम्ही ते भिंतीवर लावलं ना, तसं काढा. पाणी दिसलं पाहिजे. हातातून पडलेलं दिसलं पाहिजे."

अंधार उतरत चालला होता. मोबाइलवर काढला असता तर काळ्यात काळं आलं असतं. गौतमनं बॅग उघडली. ह्या नदीवर त्यानं कितीतरी वेळा कॅमेरा काढला होता, पण जिवंत माणसाचा फोटो इथं एकदाही काढला नव्हता. छोटा स्टँड त्यानं पाण्यातल्या पायरीवर रोवला, बाईच्या डाव्या अंगाला, जरा मागं, आणि त्यावर फ्लॅश बसवला. चप्पल काढून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून तो स्वतः पाण्यात उतरला. पाणी बर्फासारखं होतं आणि पायरीवर शेवाळ होतं. नावाडी बिडी टाकून उठून उभा राहिला.

"ताई, हात पुढे करून दाखवा एकदा." त्यानं मोबाइलच्या उजेडात त्या हातांवर कॅमेऱ्याची नजर नेमकी बसवून घेतली. हाताच्या रेघांत हळद होती की काय कोण जाणे, पिवळट दिसत होतं.

अनसूयाबाई कमरेपर्यंत पाण्यात गेल्या; गौतमही त्यांच्या हातांपासून तेवढंच अंतर राखत बाजूनं सरकला. त्या आणखी पुढे जातील की काय, असं एक क्षण त्याला वाटलं. पण त्या तिथंच थांबल्या, दक्षिणेला तोंड केलं, तीळ ओंजळीत घेतले आणि वाकून पाणी भरलं.

"बंटी," त्या म्हणाल्या, हाक मारावी तशा. मग नीट नाव घेतलं, "आशिष मुरलीधर डाखोळे," आणि ओंजळ सोडली.

गौतमनं बटण दाबलं. फ्लॅश उडालाच नाही. पाण्याजवळच्या दमट हवेनं असेल किंवा घाईत तार नीट बसली नसेल, काही झालं असेल. त्यानं चाचपडत तार घट्ट केली. तोवर दुसरी ओंजळ वर आली होती. या वेळी लख्ख झालं, पण उशिरा. पाणी पडून गेलं होतं, फोटोत नुसते रिकामे हात होते. उजेडानं अनसूयाबाई दचकल्या, पण मागं वळल्या नाहीत.

घरच्या अंगणात गौतमच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "अजून एकदा." इथं ते तोंडाशी आलं आणि त्यानं दात घट्ट मिटले. तीनच ओंजळी द्यायच्या असतात, एवढं त्याला माहीत होतं. बाईला चौथी मागणं हे त्याच्यानं होणार नव्हतं.

तिसऱ्या वेळी त्यानं कॅमेऱ्यातून पाहणंच सोडलं. तो बाईच्या खांद्यांकडे बघत राहिला. पाणी फेकताना शकुचे खांदे जरा आधी सैल होतात, ते त्याच्या डोळ्यांना पाठ होतं. अनसूयाबाईंचे खांदे सैल झाले आणि त्यानं बटण दाबलं.

उजेड पडला आणि विझला. फोटोत काय आलं असेल ते त्यानं लगेच पाहिलं नाही. आधी त्यानं हात दिला आणि त्यांना पायरीवर आणलं. त्या थरथरत होत्या, दात वाजत होते. नावाड्यानं आपलं कांबळं आणून दिलं. "ले लो अम्मा," एवढंच तो म्हणाला.

"आलं का?" त्यांनी विचारलं.

गौतमनं कॅमेऱ्याचा मागचा पडदा पाहिला. आलं होतं. काळ्याशार अंधारात दोन हात, आणि त्यांतून सुटलेलं पाणी. ते धार होऊन पडत नव्हतं, पदर सोडल्यासारखं पसरलं होतं. त्यात तीळ अडकलेले होते, एकेक तीळ वेगळा मोजता यावा असा. चेहरा फोटोत नव्हता.

"आलं, ताई."

त्यांनी फोटो पाहायला मागितला नाही. "ह्यांना दाखवा. मी तर देऊन आली ना," त्या म्हणाल्या. शेवटच्या बसनं त्या पाटनला गेल्या.

घरी शकुनं बादली भरून ठेवली होती. फोनवर त्यानं सगळं सांगितलेलं होतं. तो दगडावर बसला, तिनं पाणी ओतलं आणि तो लहान पोरासारखा रडू लागला. शकुनं तांब्या खाली ठेवला. अंगण ओलं होतं, ती तशीच त्याच्याजवळ खाली बसली. "भिंतीवरचे ते काढून टाकतो," तो म्हणाला. "राहू द्या आता," ती म्हणाली, "तुम्ही काढले म्हणून कुणी बुडलं नाही." पण त्या रात्री आणि नंतरही, काळी चादर पुन्हा कुणी टांगली नाही.

आठवड्याभरानं फोटो मोठा करून, चौकटीत बसवून, गौतम पाटनला गेला. मंडीच्या मागं दोन खोल्यांचं घर होतं. मुरलीधर डाखोळे खाटेवर उशांना टेकून बसले होते, उजवा हात मांडीवर पडलेला. पांघरुणाबाहेर डावा पाय आलेला होता. गौतमनं तिकडे पाहायचं नाही असं ठरवूनही पाहिलं.

"हे गौतम भाऊ," अनसूयाबाईंनी सांगितलं. "नदीवर माझ्यासंगं होते. फोटो आणला त्यांनी."

म्हाताऱ्यानं चौकट डाव्या हातानं धरली. डोळ्यांजवळ नेली, लांब केली, पुन्हा जवळ नेली. त्यांची जीभ जड झाली होती, शब्द सांडत होते. "चांगलं आहे," ते म्हणाले. "पाणी आहे." मग चौकट उलटी करून मागं पाहिलं. "यात बंटी कुठंय?"

गौतमनं अनसूयाबाईंकडे पाहिलं. त्या खाटेच्या कडेवर बसल्या, नवऱ्याचा मांडीवरचा हात आपल्या हातात घेतला आणि अगदी सावकाश, लेकराला समजवावं तसं सांगू लागल्या. बंटी पुण्याला नाही. बंटी नर्मदेत गेला. मी जाऊन त्याला पाणी दिलं, हे बघा माझे हात, हे बघा पाणी, हे तीळ. मुरलीधर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचं तोंड वाकडं झालं आणि डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. एका बाजूच्या डोळ्यातून जास्त, दुसऱ्यातून कमी. "मीच म्हणालो," ते म्हणत राहिले, "मीच म्हणालो, येऊ नको." बाईंनी त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

चहा द्यायला त्या बाहेरच्या पडवीत आल्या तेव्हा गौतम म्हणाला, "तुम्ही आधी सांगितलं नव्हतं का त्यांना?"

"आल्या दिवशीच सांगितलं," अनसूयाबाई म्हणाल्या. "झटक्यानंतर त्यांचं असंच आहे. जुनं सारं ध्यानात राहते, नवीन टिकत नाही. रात्री रडतात, सकाळी उठले की मले म्हणतात, बंटीचा फोन आला का. रोज सांगावं लागते." त्यांनी कपाची कड पुसली. "लपवून पाहिलं दोन दिवस. मग दारात जाऊन बसतात, वाट पाहतात, आत यायचं नाव नाही घेत. ते पाहवत नाही मले. सांगितलं की एकदा रडून घेतात आणि जेवतात तरी. आता फोटो आहे. आता सोपं पडन."

गौतमनं चहा कसाबसा संपवला. आपण आणलेली वस्तू रोज सकाळी एका बापाला त्याचा मुलगा मेल्याचं सांगायला कामी येणार, हे त्याला बसमध्ये बसल्यावर पुरतं समजलं. खिडकीबाहेर गव्हाची शेतं नुकतीच हिरवी होत होती. त्याला एकदा वाटलं, उतरावं, परत जावं, चौकट मागून आणावी. पण मागून आणली तरी सांगणं काही थांबणार नव्हतं. बस चालत राहिली आणि तो बसून राहिला.

त्या हिवाळ्यात ठाण्यातून एकदा फोन आला. मोबाइलवर नीट येत नव्हतं, म्हणून तिवारीनं बोलावलं होतं. गौतमनं पहिल्यांदाच नाही म्हटलं. तिवारी म्हणाला, "ठीक है भैया. समझ सकता हूँ." वैष्णवी सुटीत घरी आली तेव्हा तिनं अंगणात स्टँड उभा नाही हे पाहिलं आणि आईला विचारलं, "पप्पा ने छोड़ दिया क्या?" शकु म्हणाली, "थकले ते."

उन्हाळा लागता लागता अनसूयाबाईंचा फोन आला. घरचं सगळं बरं आहे म्हणाल्या, ह्यांची तब्येत आहे तशीच आहे म्हणाल्या, लेकीची चौकशी केली. मग जरा अडखळून बोलल्या, "भाऊ, तो फोटो होता ना. काल यांच्या हातून पडला. काच फुटली आणि त्यावर चहा सांडला, सारं पाणी डागाळलं. दुसरा देता का?"

"देतो ना," गौतम म्हणाला.

दुपारी त्यानं ती फाईल उघडली. हात, पाणी, तीळ. या वेळी त्यानं काच लावली नाही. कागदावर छापून दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवून घेतलं, म्हणजे पडलं तरी फुटणार नाही आणि ओल्या फडक्यानं पुसता येईल. शकु डबा घेऊन आली होती, ती बाजूला उभी राहून पाहत होती. मशिनमधून गरम कागद बाहेर सरकला. गौतमनं तो बाजूला ठेवला आणि दुसरा आत सरकवला. मग तिसरा.

"किती काढून राहिले?" शकुनं विचारलं.

"चार," तो म्हणाला. "रोजचं आहे. लागतीन त्यांना."